‘धुकेगड’चे भाग चार ते सात रद्दीत न देण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथपाल तथा सचिव,
बालविभाग पुस्तक परीक्षण समिती,
ज्ञानतारा सार्वजनिक वाचनालय,
नंदनवन, नागपूर.

अर्जदार: जिजाबाई रुपराव गावंडे, वय ६८, शिक्षण चौथी (परीक्षेला बसले नाही), रा. नंदनवन, नागपूर.

विषय: ‘धुकेगड’ या पुस्तकाचे भाग ४ ते ७ रद्दीत न देणे, त्यातले पेन्सिलीचे अक्षर न पुसणे, आणि माझी तक्रार मला परत घेऊ देणे याबाबत.

संदर्भ: १) माझा तक्रार अर्ज, दि. १६ सप्टेंबर २०२५.
२) आपले आभाराचे पत्र, दि. १४ ऑक्टोबर २०२५.

महोदया,

सविनय अर्ज करते की, मागच्या खेपेला दिलेला तक्रारीचा अर्ज माझ्या तोंडचा होता, पण हात शेजारच्या कुसुमताईचा होता. हा अर्ज तोंडाने आणि हाताने दोन्ही माझा आहे. नऊ दिवस लागले. मी पोथीवरून वाचायला शिकलेली बाई आहे, म्हणून छापल्यासारखी सुटी सुटी अक्षरे काढते. सरकारी शब्द मागच्या अर्जाच्या नकलेतून घेतले आहेत. कुठे चुकले असेल तर तपासत बसू नये, वाचावे. शनिवारी दि. २९ ला रद्दीवाला येणार असे कळले, म्हणून घाई आहे.

१. सदर पुस्तक सात भागांचे आहे. रेवा नावाची पोरगी धुक्यात हरवलेल्या आपल्या आईला शोधायला एका गडावर जाते, अशी गोष्ट आहे. तिथे एक बोलणारा कोल्हा आहे, माणसांच्या सावल्या खाणारा राक्षस आहे, आणि या जगातून गेलेली माणसे पांढरी पाखरे होऊन बुरुजावर बसलेली असतात. माझी नात नूपुर, वय आठ, तिसरीत आहे, ती हे पुस्तक वाचत होती. हे लहान लेकराला योग्य की अयोग्य हे पाहावे म्हणून मी पहिला भाग स्वतः बोट ठेवून वाचला. सारा श्रावण त्यात गेला. श्रावणात पोथी बाजूला ठेवून वाचला, याची नोंद घ्यावी. वाचून मी अयोग्य ठरवले आणि तक्रार दिली. समितीने माझे ऐकले, सातही भाग बालविभागातून काढले, आणि मला पत्र पाठवले की आपल्यासारख्या जागरूक आजीमुळे बालवाचकांचे हित जपले जाते. ते पत्र मी लॅमिनेशन करून बैठकीत लावले होते. दूधवाल्याला सुद्धा उभे करून वाचून दाखवले. आता भिंतीवरून काढले आहे. सोबत जोडते. परत नको.

२. आता जे त्या अर्जात नव्हते ते लिहिते.

माझी सून मिनल, म्हणजे नूपुरची आई, मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गेली. गल्लीतली लेकरे लाकडी बैल सजवून निघाली होती. नूपुरच्या बैलाला झूल चढवली होती, तो दारातच राहिला. त्याआधी अकरा महिने मिनल अंथरुणाला होती. माझा मुलगा पियुष हिंगण्याला कंपनीत आहे. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून तो आधी आपल्या वाचनालयात यायचा, मिनलसाठी एक पुस्तक घ्यायचा आणि मग घरी यायचा. तेच हे सात भाग. तिने ते सगळे वाचले, हातात पेन्सिल धरून. मी येता जाता बोलायचे, “पुस्तक वाचून वांग्याले तेल नाही सुटत वं मिनल.” ती म्हणायची, “वांगी तुमच्याच हातची खाईन आई, मले दोन पानं वाचू द्या.” शेवटी शेवटी वांगीही जात नव्हती, पाने मात्र चालू होती. त्यावरूनही मी बोलले. काय बोलले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.

तेरवी झाल्यावर मी घरात हुकूम केला की पोरीसमोर आईचे नाव काढायचे नाही. फोटो माझ्या लुगड्यांखाली कपाटात ठेवला. पियुष एकदा जेवताना बोलला, “मिनल यात दाण्याचा कूट टाकायची.” मी त्याच्याकडे असे पाहिले की पुन्हा तो बोलला नाही. जखमेला हात लावला नाही तर खपली लवकर धरते, एवढेच मला ठाऊक होते. पायाच्या जखमेबाबत ते खरे आहे.

३. दि. १५ सप्टेंबरला अविधवा नवमी होती. सवाष्ण गेलेल्या बाईचे पान त्या दिवशी घालतात. मी पहाटे उठून मिनलच्या नावाचा स्वयंपाक केला, वांगीही केली. कुसुमताईला सवाष्ण म्हणून जेवू घातले, साडी दिली. नूपुर शाळेत गेली होती, हे सगळे तिच्या मागेच उरकले. जेवणानंतर माझी नजर दिवाणावर गेली. धुकेगडचे पहिले तीन भाग तिथे पडले होते, दुसऱ्या दिवशी परत करायचे होते. उघडून पाहते तर पानापानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले. पहिला भाग वाचताना ते मला दिसले नव्हते असे नाही. पण माझे बोट छापील ओळीवर असते, कडेला जात नाही. त्या दिवशी वाटले, पोरीने सार्वजनिक पुस्तकावर गिचमिड करून ठेवली आणि आता वाचनालयाची माणसे म्हणतील, गावंड्यांच्या घरी वळण नाही.

महोदया, मला छापील अक्षर येते. जोडून, लपेटून लिहिलेले अक्षर मला वाचता येत नाही. मला ते मुंग्यांच्या रांगेसारखे दिसते. मिनल लग्न होऊन आली तेव्हा एकदा म्हणाली होती, “आई, आठ दिवसांत शिकवते तुम्हाले.” मी म्हटले, “मले काय कलेक्टर व्हायचं आहे?” आठ दिवसांचे काम होते.

मी नूपुरच्या कंपासातले खोडरबर घेतले आणि बसले. तीनही भाग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोन तास. कुसुमताई पाने धरत होती. मी काम अर्धवट टाकणारी बाई नाही, एक रेघ ठेवली नाही. सकाळी जिच्या नावाने पान वाढले, दुपारी तिचे अक्षर पुसले. तेव्हा ते मला माहीत नव्हते. पण माहीत नव्हते ही सबब मी दुसऱ्या कोणाची कधी ऐकून घेतलेली नाही, म्हणून माझीही आपण ऐकू नये.

नूपुर शाळेतून आली. तिने तिसरा भाग उघडला, मग दुसरा, मग पहिला. चटईवर रबराचा काळा चुरा पडला होता, तो खाली बसून तळहाताने गोळा करू लागली. मी कुसुमताईला म्हटले, “पाहा, शिस्त अशी लागते. न सांगता झाडून राहिली.” आणि लगेच तिथेच बसून आम्ही आपल्याकडचा तो अर्ज लिहिला. चार मुद्दे. वर दुसऱ्या दिवसाची तारीख घालून मीच आणून दिला.

४. दिवाळीच्या साफसफाईत, आपले आभाराचे पत्र येऊन दोनच दिवस झाले होते, नूपुरच्या उशीखाली मला कापराची एक रिकामी डबी सापडली. आत काळा चुरा. मी ती केराच्या सुपात टाकायला निघाले, तशी पोरगी धावत आली आणि माझे मनगट धरले. म्हणाली, “आजी, ते नको फेकू. ते आईचं अक्षर आहे.”

मग तिने एक एक करून सांगितले. मिनलने तिला म्हटले होते, आठ वर्षांची झाली की धुकेगड वाचायला घे, मी आत आहे. वाढदिवसाला पोरीने बापाकडे दुसरे काही मागितले नाही, वाचनालयातून हे पुस्तक आण म्हणाली. आम्हाला तो हट्ट वाटला. दोन भाग तिचे वाचून झाले होते, तिसरा अर्धा राहिला होता. त्या अर्ध्यात आईने काय लिहिले ते आता कोणालाच सांगता येणार नाही. मी तिला विचारले, तू मले आधी काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, “तू म्हणाली होती ना, आईचं नाव नाही काढायचं.”

५. दिवाळी झाल्यावर मी वाचनालयात आले होते, आपल्याला स्मरत असेल. आपण म्हणालात, तक्रार तुमची असली तरी ठराव समितीचा आहे, नुसते नको म्हणून चालत नाही, मुद्देनिहाय कारणे लेखी द्या. तसेच भाग ४ ते ७ वर लिखाण आढळल्याने ते ‘निर्लेखित’ झाले आहेत. निर्लेखित म्हणजे काय ते मी बाहेर परिचर संघपालला विचारले. तो म्हणाला, “रद्दी, काकू.” मी त्याला कपाट उघडायला लावले. याचा त्याला जाब विचारू नये, मी त्याच्या डोक्यावर उभी होते.

मला वाचता येईना म्हणून त्यानेच कडेचे वाचून दाखवले. एका पानावर होते, “नूपुर, इथे भीती वाटेल. बाबांजवळ जाऊन बस आणि मग पुढचे वाच. मीपण घाबरले होते.” एका पानावर, “हे पान आता सोड. दहा वर्षांची झालीस की ये.” एका ठिकाणी कोल्हा काहीतरी बोलतो, तिथे नुसते, “इथे मी इतकी हसले की सलाईनची सुई निघाली.” ती सुई निघाली तो दिवस मला आठवतो. मी नर्सवर ओरडले होते.

संघपालने नंतर पहिले तीन भागही आणले. खिडकीत उन्हात पान तिरपे धरले की पेन्सिलीचा दाब दिसतो म्हणे. आम्ही दोघांनी वीस पंचवीस पाने धरून पाहिली. काही दिसले नाही. तो म्हणाला, “बाई लई हलक्या हाताने लिहायच्या, काकू.” हलका नव्हता तिचा हात. तिच्या हातात जोर उरला नव्हता.

६. आता आपल्या आज्ञेप्रमाणे माझ्याच चार मुद्द्यांना उत्तरे देते.

मुद्दा पहिला, सावल्या खाणाऱ्या राक्षसामुळे लेकरू दचकते. सावनेरकडे आमच्या गावी मी पियुषला चकव्याच्या गोष्टी सांगून झोपवत होते, चकवा रानात माणसाला गोल गोल फिरवतो आणि घरी येऊ देत नाही. कोणत्या समितीला विचारले नव्हते. आणि नूपुर त्या राक्षसाला घाबरली नाही. पुस्तकात असे आहे की तो ज्याची सावली खातो, त्याचे नाव त्याच्या घरचे लोक घेणे सोडून देतात. पोरगी मला म्हणाली, “आजी, आपल्या घरी तो येऊन गेला आहे.” मुद्दा परत घेते.

मुद्दा दुसरा, रेवा आजीला उलट बोलते आणि न सांगता घर सोडते, यात वडीलधाऱ्यांचा अपमान आहे. खरे कारण लिहिते. त्या पुस्तकातली आजी रेवाच्या आईचे कपडे पेटीत घालून कुलूप लावते. लेखक माझ्या घरी कधी आलेला नाही, तरी वाचताना मला वाटले की कोणीतरी चहाडी केली. राग मला माझ्यासाठी आला होता, अर्ज मी लेकरांच्या नावाने केला. मुद्दा परत घेते.

मुद्दा तिसरा, गेलेली माणसे बोलतात असे दाखवल्याने लेकराची समजूत चुकते. मी अडुसष्ट वर्षांची असून नवमीला गच्चीवर पान ठेवले, कावळ्याला हाक मारली, आणि तो येईना तेव्हा म्हटले, “ये वं मिनल, आता रागावू नको.” मला एवढे चालते तर आठ वर्षांच्या पोरीला पुस्तकातले पाखरू चालावे.

मुद्दा चौथा, आईचे नाव पानोपानी आल्याने पोर हळवी होते. हाही परत घेते. कारण मागू नये.

याउपर समितीला एक विचारते. आपल्या तीन सभासदांपैकी सातही भाग कोणी वाचले? एका सरांनी मुखपृष्ठावरचा राक्षस पाहून सही केली असे कळते. मी त्यांना नाव ठेवत नाही, मी स्वतः एकावरून सातांचा निकाल लावला. पण सातही भाग पानन्‌पान वाचून, कोणते पान आज द्यायचे, कोणते दोन वर्षांनी, कोणते कोणाजवळ बसून, हे ठरवणारी एक बाई होऊन गेली. तिच्याजवळ वेळ सगळ्यात कमी होता आणि तिने सगळ्यात जास्त दिला. तिने एक पान फाडले नाही, बंदी घातली नाही, फक्त कडेला उभी राहिली. लेकराला पुस्तक योग्य की अयोग्य हे ठरवायचा अधिकार तिचा होता, तो तिने वापरला आहे. समितीचा ठराव तिच्या ठरावानंतरचा आहे.

७. शेवटची बाब.

चौथ्या भागात पान ११२ आहे. तिथे रेवाला तिची आई सापडते. ती बुरुजावरचे पांढरे पाखरू झालेली असते आणि खाली येणार नसते. संघपाल ते पान उघडून थांबला, वाचेना. मी म्हटले, “वाच ना रे बापा.” तो म्हणाला, “काकू, हे तुम्ही वाचा.” मी म्हटले, मले ते लपेटीचं येत नाही. त्याने पुस्तक माझ्यापुढे केले. कडेला सुटी सुटी अक्षरे होती. पोथीसारखी, मोठी, एक एक काढलेली. मी बोट ठेवून वाचली.

“आई, हे पान तुम्ही वाचून दाखवा. तिला मांडीवर घ्या.”

महोदया, मी तिच्या प्रत्येक पुस्तकाला नाव ठेवले होते. मी वाचीन हे तिने कशावरून धरले, ते मला कळत नाही. ज्या हाताने तिला पेला धरवत नव्हता त्या हाताने तिने माझ्यासाठी छापील अक्षर काढले, कारण मला दुसरे येत नाही हे तिला माहीत होते.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या तीन भागांत माझ्यासाठी असे सुट्या अक्षरांत काही होते की काय. मला आठवत नाही. पुसताना मी चष्मा लावला नव्हता. डाग पुसायला चष्मा कशाला लागतो. नूपुरने दोन भाग वाचले आहेत, तिला माहीत असेल. विचारायची हिंमत होत नाही.

८. सबब विनंती की,

माझी दि. १६ सप्टेंबरची तक्रार परत घेतली असे समजावे. भाग ४ ते ७ शनिवारी रद्दीवाल्याला देऊ नयेत. त्यातले अक्षर कोणी पुसू नये, पुस्तक स्वच्छ करायच्या सद्हेतूने तर मुळीच नाही. पियुष सातही भाग नवे कोरे आणून देणार आहे, ते बालविभागात ठेवावेत आणि इतर लेकरांना वाचू द्यावेत, माझी हरकत नाही. जुने चार आम्हाला द्यावेत.

हे नियमात बसत नसेल तर फक्त चौथा भाग माझ्या नावाने द्यावा. सभासदत्वाचा फॉर्म भरून जोडला आहे. तेही बसत नसेल तर पुस्तक कपाटातच राहू द्यावे. रविवारी मी आणि नूपुर वाचनालयात येऊ, बालविभागातल्या त्या बुटक्या बाकावर बसू, आणि मी पान ११२ तिथे वाचीन. मला वेळ लागेल. आठ वर्षांची असली तरी ती मांडीवर मावते, पाहिले आहे. त्या वेळात कोणी ‘शांतता राखा’ म्हणू नये.

फोटो मी कपाटातून काढला आहे. पत्र लावले होते त्याच खिळ्याला लावला.

कळावे. आजवर कोणापुढे हात जोडलेले नाहीत, ते इथे जोडून,

जिजाबाई रुपराव गावंडे
(सही सुट्या अक्षरांत केली आहे, अंगठा समजू नये)
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) माझ्या दि. १६ सप्टेंबरच्या अर्जाची नक्कल, माझ्याच हाताने रेघ मारलेली.
२) आपले आभाराचे पत्र, लॅमिनेशनसह.
३) सभासदत्वाचा फॉर्म. ‘वाचनाची आवड’ या रकान्यात काही लिहिले नाही, आपण लिहावे.
४) मिनलचे वाचनालयाचे कार्ड. मुदत संपली आहे, तरी फाडू नये.
५) कापराची डबी, एक. नूपुरने एका दिवसापुरती दिली आहे, संघपालच्या हाती परत पाठवावी. उघडताना पंखा बंद करावा.